संघ काढणे आणि संघ चालविणे

गेल्या श्रावणात आम्ही नववीच्या वर्गास ‘मी कोट्यधीश झालो तर’ हा निबंध लिहावयास दिला होता. विषय जुनाच. आमच्या गुरुजनांनी तो आम्हांस दिला होता. तेव्हा लक्षाधीश होऊन भागत असे, एवढाच काय तो फरक. उत्तरेही ठरलेलीच येतात. कोणी गावात दवाखाना बांधतो, कोणी देवळाचा जीर्णोद्धार करतो, कोणी आईस काशीयात्रा घडवितो आणि उरल्या पैशांत मोटार घेतो. एका विद्यार्थ्याने मात्र लिहिले होते की, मी हॉकीचा संघ काढीन आणि खेळाडूंना महिन्याच्या महिन्याला पगार देईन. निबंध वर्गात वाचून दाखविला तेव्हा सारा वर्ग हसला. खेळण्याबद्दल पगार! आम्हीही हसलो, आणि दहापैकी पाच गुण देऊन वहीवर ‘कल्पना चांगली, परंतु अव्यवहार्य’ असा शेरा मारला. त्या मुलाचे वडील येथील एका दालमिलमध्ये हमाली करतात. हमालाचा हिशेब पोत्यावर असतो, महिन्यावर नसतो. पगार या शब्दाचा अर्थ त्या मुलास आमच्याहून अधिक कळत असला पाहिजे, हे शेरा लिहून झाल्यावर आमच्या ध्यानात आले.

‘अव्यवहार्य’ हा शब्द पुढे पुष्कळ दिवस आम्हांस टोचत राहिला. तो खरा नव्हता, आणि तो खरा नाही हे निदान आम्हांस तरी ठाऊक असावयास हवे होते. आमचे घर कोकणी बोलणारे. आमचे बालपण गोव्यात गेले. ज्या भूमीत एका व्यापाऱ्याने संघ काढला, खेळाडूच्या घरची चूल पेटती ठेवली आणि तो संघ साठ वर्षे देशातील मोठमोठ्या मैदानांवर उभा केला, त्या भूमीतून येऊन आम्ही एका मुलाची कल्पना अव्यवहार्य ठरवावी, हे आम्हांस शोभले नाही. हा लेख त्या शेऱ्याची दुरुस्ती म्हणून लिहीत आहोत.

प्रथम हॉकीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण मुलाने हॉकीच मागितली होती. १९२८ पासून १९५६ पर्यंत ऑलिंपिकमध्ये भारताने हॉकीची सहा सुवर्णपदके ओळीने जिंकली. युद्धामुळे मधल्या दोन स्पर्धा भरल्याच नाहीत. भरल्या त्या सर्व आपण जिंकल्या. परंतु या विजयांवर कोणाचे घर चालले नाही. ध्यानचंद १९२२ साली सैन्यात शिपाई म्हणून भरती झाले होते. त्यांचा पगार बंदुकीचा होता, काठीचा नव्हता. पुढेही हॉकीपटू रेल्वे, पोलीस, सैन्य, बँक यांच्या आश्रयाने जगले. खेळाडूस खेळासाठीच पैसे देणारी स्पर्धा आपल्याकडे फार उशिरा आली. प्रीमियर हॉकी लीग २००५ साली सुरू झाली आणि २००८ साली संपली. वर्ल्ड सिरीज हॉकी २०१२ साली एकदाच भरली. हॉकी इंडिया लीग २०१३ साली सुरू झाली. उद्योगपतींनी शहराशहरांचे संघ घेतले. २०१७ नंतर ती बंद पडली आणि २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा उभी राहिली. या मधल्या काळात कित्येक संघांची नावे बदलली, कित्येक नाहीसे झाले. रांचीचा जो संघ पहिल्या वर्षी विजेता ठरला त्याचे तेच नाव तीन वर्षांनी राहिले नव्हते. तेव्हा आमच्या विद्यार्थ्याचा संघ कागदावर निघणे सोपे. तो दहा वर्षांनंतर असेल काय, एवढाच खरा प्रश्न आहे. या प्रश्नाचे उत्तर हॉकीत आम्हांस सापडले नाही म्हणून आम्ही फुटबॉलकडे वळतो, आणि सह्याद्री ओलांडून गोव्याकडे जातो.

१९५६ हे साल आमच्या बीदर आणि कलबुरगी या जिल्ह्यांतील वडीलधाऱ्यांच्या चांगलेच स्मरणात होते. त्या वर्षी १ नोव्हेंबरला हैदराबाद संस्थानाचे जुने राज्य मोडले, आणि ज्या मुलांनी सकाळी हैदराबाद राज्यात दप्तर उचलले असते ती म्हैसूर राज्यात शाळेस गेली. पुढे म्हैसूरचे कर्नाटक झाले आणि गुलबर्ग्याचे कलबुरगी. त्याच महिन्यात दूर मेलबर्न येथे ऑलिंपिक भरले होते. हॉकीचे सहावे सुवर्णपदक तेथलेच. परंतु फुटबॉलमध्येही भारत तेथे चौथा आला होता, आणि त्या संघाचे शिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. रहीमसाहेबांचा हैदराबाद सिटी पोलीस हा संघ १९५० पासून १९५४ पर्यंत मुंबईचा रोव्हर्स चषक सलग पाच वेळा जिंकून आला होता. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण फुटबॉल म्हणजे बंगाल आणि गोवा, आपला त्याच्याशी काय संबंध, असे आमच्या विद्यार्थ्यांस वाटते. मेलबर्नला ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढविणारा नेव्हिल डिसोझा गोमंतकीय होता आणि त्याला शिकविणारे रहीमसाहेब ज्या शहरातले, तेच शहर तेव्हापर्यंत आमच्या या दोन जिल्ह्यांची राजधानी होते.

याच १९५६ साली, पोर्तुगीज सत्तेखालील गोव्यात, वास्को या बंदराच्या गावी, वासुदेव महादेव साळगावकर या खाणमालकाने फुटबॉलचा एक संघ काढला.

थोरांच्या चरित्रात त्यांच्या बालपणीच्या कष्टांवर पानेच्या पाने खर्च करण्याची आपल्याकडे रीत आहे. ती आम्ही या ठिकाणी सोडून देतो. साळगावकरांचा जन्म १९१६ सालचा आणि मृत्यू १९८४ सालचा. मधल्या काळात त्यांनी व्ही. एम. साळगावकर अँड ब्रदर ही पेढी गोव्यातील मोठ्या खाणपेढ्यांच्या पंक्तीला नेऊन बसविली. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानला पोलाद हवे होते आणि गोव्याच्या डोंगरांत लोहखनिज होते. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतले खनिज ट्रकांतून नदीकाठी यावे, तेथून मांडवी आणि जुवारी या नद्यांतून बार्जेसमध्ये भरून मुरगाव बंदरात जावे आणि तेथून जहाजाने परदेशी, असा हा व्यापार होता. चौगुले, धेंपे, तिंबलो, साळगावकर ही घराणी त्यातून वर आली. अशा धन्याला गोव्यात ‘पात्रांव’ म्हणतात. शब्द पोर्तुगीज, पण त्यात धनी, यजमान आणि पोशिंदा हे तिन्ही अर्थ मिसळलेले आहेत, आणि क्वचित चौथा, भीतीचाही.

या संपत्तीची दुसरी बाजू आम्ही लपवीत नाही. आमच्या लहानपणी शाळेच्या खिडकीच्या गजांवर तांबडी धूळ साचत असे. बाई सकाळी प्रथम ती पुसावयास लावीत आणि मग प्रार्थना होई. कोणाचे ट्रक ती धूळ उडवीत जातात, हे आम्ही तेव्हा विचारले नाही. खाणींनी भातशेते गाळाने भरली, विहिरींचे पाणी खाली नेले, हे गोव्यातील खाणपट्ट्यातला कोणीही शेतकरी सांगेल. संघास जो पैसा मिळाला तो त्याच तांबड्या मातीतून मिळाला. म्हणून साळगावकरांचे गुणगान करताना आम्ही आवाज थोडा खालीच ठेवतो. पण त्याच मातीतून पैसा काढून त्यातला रुपयाही मैदानावर न आणणारे धनिक थोडेथोडके नव्हते, हेही तितकेच खरे.

फुटबॉलच का, असे कोणी विचारील. गोव्यात हा खेळ १८८३ साली शिवोली गावी फादर विल्यम लायन्स या धर्मगुरूने आणला असे सांगतात. तेव्हापासून तो चर्चच्या अंगणातून वाड्यावाड्यांत पसरला. भातकापणी झाली की मोकळे शेत हेच मैदान. धसकटे पायांस टोचतात, बांध हीच सीमारेषा, आणि अंधार पडला म्हणजे सामना संपला. अनवाणी खेळून पाय तयार झालेली पोरे गावोगाव होती. त्यांच्या पायांस काम देणारे कोणी नव्हते. मुलगा वीस वर्षांचा झाला की जहाजावर जाई, किंवा मुंबईस, किंवा आखाती देशांत. साळगावकरांनी संघ काढला तो कीर्तीसाठी काढला असेल, इतर खाणमालकांशी चढाओढ म्हणून काढला असेल, स्वतःस खेळाची आवड होती म्हणूनही काढला असेल. हेतूची चिकित्सा आम्हांस फारशी महत्त्वाची वाटत नाही. विहीर खोदणाऱ्याच्या मनात पुण्य होते की नाव होते, हे पाणी भरणारी बाई विचारीत नाही. उन्हाळ्यात पाणी टिकते काय, एवढे मात्र ती अवश्य पाहते.

आणि पाणी टिकले, ही या कथेतील मोठी गोष्ट. गोव्यातील या कंपन्यांच्या संघांत खेळाडूस कामावर घेत. म्हणजे कचेरीत त्याच्या नावे जागा असे, महिन्यास वेतन मिळे, आणि सराव हे त्याच्या कामाचेच अंग समजले जाई. गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर १९७४ साली साळगावकर संघात आले आणि पुढे कित्येक वर्षे तेथेच राहिले. १९८० च्या दशकात ते भारताचे कर्णधार झाले. गोव्याने संतोष चषक प्रथम बंगालबरोबर वाटून आणि नंतर १९८३-८४ च्या हंगामात एकट्याने जिंकला, तेव्हा गोल राखावयास तेच उभे होते. १९९७ साली त्यांस अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढच्या पिढीतील ब्रुनो कुतिन्हो याच संघाचा. त्यालाही २००१ साली अर्जुन मिळाला. गोलरक्षकास एवढी वर्षे एकाच गोलात उभे राहता यावे यासाठी त्याच्या पाठीमागे नुसते जाळे असून भागत नाही. घरभाडे भरलेले असावे लागते. आमच्या नववीतील मुलाने ‘महिन्याच्या महिन्याला’ हे शब्द जे लिहिले, ते येथे आम्हांस पुन्हा आठवतात.

साळगावकर १९८४ साली वारले. फेडरेशन चषक जिंकणारा गोव्याचा पहिला संघ होण्याचा मान त्यांच्या संघास १९८८ साली मिळाला. तोच चषक १९८९ साली पुन्हा, आणि १९९७ साली तिसऱ्यांदा. १९९८-९९ च्या हंगामात राष्ट्रीय लीगचे अजिंक्यपद गोव्यात प्रथम आले तेही याच संघाकडे. आम्ही तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. त्या संध्याकाळी आमच्या गावच्या तिठ्यावर एका चहावाल्याने सर्वांस फुकट चहा पाजला. तो स्वतः धेंपे संघाचा कट्टर भक्त होता. पण चषक मांडवी ओलांडून आला म्हणजे सर्वांचाच, असे त्याचे म्हणणे. पुढे २०१०-११ ची आय लीग आणि २०११ चा फेडरेशन चषकही साळगावकरांनी मिळविला. राष्ट्रीय पातळीवरील या चषकांपैकी एकही संस्थापकाने डोळ्यांनी पाहिला नाही. जो धनिक केवळ स्वतःच्या छायाचित्रासाठी संघ काढतो त्याचा संघ त्याच्या छायाचित्रास हार घातला जाताच विरून जातो. या घराण्याने तसे होऊ दिले नाही, हे श्रेय मुलांस दिले पाहिजे.

धेंपे या दुसऱ्या घराण्याचाही येथे उल्लेख करणे न्यायाचे. वसंतराव आणि वैकुंठराव या बंधूंच्या पेढीने १९६० च्या दशकाच्या अखेरीस आपला संघ उभा केला, आणि पुढे तर राष्ट्रीय लीगची पाच अजिंक्यपदे मिळवून त्याने साळगावकरांसही मागे टाकले. या संघाची एक आठवण आमच्या राज्याच्या राजधानीशी बांधलेली आहे. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरच्या कंठीरव मैदानावर फेडरेशन चषकाचा अंतिम सामना मोहन बागानशी चालला होता. धेंपे संघाने दोन गोलांनी तो जिंकला. दोन्ही गोल क्रिस्तियानो ज्युनियर या ब्राझीलच्या तरुणाने केले होते. दुसरा करतानाच गोलरक्षकाशी टक्कर होऊन तो कोसळला आणि मरण पावला. धेंपे संघाने त्याचा दहा क्रमांक पुन्हा कोणास दिला नाही. दूर देशाहून पोटासाठी आलेल्या खेळाडूविषयी संघाने असे वागावे, हे आम्हांस चषकांहून मोठे वाटते.

आता कटू भाग. २०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातील खाणी थांबल्या. बेकायदा खनिज काढल्याच्या चौकशीचा अहवाल आला होता, सरकारने काम थांबविले, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही तसाच आदेश दिला. मध्यंतरी काही काम सुरू झाले, परंतु २०१८ साली न्यायालयाने सारे खाणपट्टे पुन्हा रद्द केले. ज्या झऱ्यातून संघांस पाणी येत होते तोच आटला. या मधल्या काळात, २०१४ साली, एक नवलाची गोष्ट घडली. दत्तराज साळगावकर आणि श्रीनिवास धेंपे, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मैदानावर समोरासमोर उभी राहिलेली दोन घराणी, एकत्र आली आणि मराठवाड्यातील व्हिडिओकॉन उद्योगसमूहास बरोबर घेऊन एफसी गोवा हा नवा व्यावसायिक संघ त्यांनी स्थापन केला. क्रिकेटपटू विराट कोहली हाही त्याचा एक भागीदार झाला. नवा संघ नव्या इंडियन सुपर लीगसाठी होता. त्याला दिवे, दूरदर्शन, परदेशी खेळाडू, सर्व काही मिळाले.

दोन वर्षांनी, २०१६ साली, साळगावकर आणि धेंपे या दोघांनीही आपापले जुने संघ आय लीगमधून काढून घेतले. त्यांच्याबरोबर स्पोर्टिंग क्लब द गोवा हाही बाहेर पडला. कारण त्यांनी उघड सांगितले. फुटबॉल महासंघ सुपर लीगलाच देशातील पहिली स्पर्धा करणार आणि जुन्या संघांस कितीही जिंकले तरी तेथे चढण्याची वाट ठेवणार नाही, मग आम्ही कशासाठी खेळावे, असा त्यांचा सवाल होता. सवाल खोटा नव्हता. ज्या शाळेत पहिला आला तरी वरच्या वर्गात घेत नाहीत, त्या शाळेत कोण मुलास पाठवील? तरीपण आमच्या मते येथे या घराण्यांची चूक झाली. भांडण महासंघाशी होते. मैदान सोडावे लागले ते खेळाडूंस. साठ वर्षांच्या संघास आपले घर सोडून खालच्या अंगणात, गोव्याच्या प्रादेशिक स्पर्धेत, राहावे लागले. धेंपे संघ पुढे नेटाने खालच्या पायरीवरून चढून २०२४ साली आय लीगमध्ये परत आला, ही आनंदाची गोष्ट. पण मधली आठ वर्षे ज्या मुलाच्या वयाची विसावी ते अठ्ठाविसावी होती, त्याचे काय? ती आठ वर्षे त्याला कोणताही महासंघ परत देणार नाही.

हे एकट्या गोव्यातच घडले असे नव्हे. मुंबईचा महिंद्र युनायटेड १९६२ पासून चालत आला होता. कंपनीने २०१० साली तो बंद केला. पंजाबातील फगवाड्याच्या जेसीटी गिरणीचा संघ राष्ट्रीय लीगचा अगदी पहिला विजेता. तो २०११ साली विसर्जित झाला. दोन्ही ठिकाणी एक ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी खेळाडू मोकळे झाले.

याच साळगावकरांनी वास्कोजवळ रुग्णालय काढले, पणजीजवळ मिरामारला १९७३ साली कायद्याचे महाविद्यालय काढले. खाणी थांबल्या म्हणून महाविद्यालयास कुलूप लागले नाही. एकाच हाताने लावलेल्या रोपांपैकी एक खंबीर राहते आणि दुसरे उन्हाळा येताच सुकते, असे का व्हावे? महाविद्यालयास विश्वस्त असतात, नियमावली असते, बंद करावयाचे म्हटले तर दहा ठिकाणी जाब द्यावा लागतो. संघास मात्र धन्याची मर्जी आणि धन्याची थैली एवढेच दोन खांब. म्हणून आमचे म्हणणे असे की, संघ काढणाऱ्या धनिकास समाजाने ‘किती रुपये देता?’ हा प्रश्न दुसऱ्यांदा विचारावा. पहिला प्रश्न ‘किती वर्षे देता?’ हा असावा, आणि त्याचे उत्तर कागदावर घ्यावे. वीस लाख एका वर्षी देणाऱ्यापेक्षा वर्षाला एक लाख याप्रमाणे वीस वर्षे देणारा आम्हांस मोठा वाटतो. पहिल्याच्या पैशांत समारंभ होतो, दुसऱ्याच्या पैशांत मुलगा मोठा होतो.

कोणी म्हणतील, मग धनिकांच्या दारी जावेच कशास, सरकारनेच संघ चालवावेत. हैदराबाद पोलिसांचे उदाहरण आम्हीच वर दिले आहे. ओडिशा सरकारने २०१८ पासून भारताच्या हॉकी संघाचा भार उचलला, त्याचेही आम्ही स्वागत करतो. परंतु सीमेवरच्या मराठी शाळेतील मुलासाठी बंगळूरहून किंवा मुंबईहून कोणी धावून येईल, अशी वाट पाहण्याची सवय आता सोडलेली बरी. आम्हांस बंगळूर दूर वाटते आणि मुंबईस आम्ही दूर वाटतो. जवळ आहे ती आपली बाजारपेठ. कलबुरगीच्या तुरीस २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. या तुरीवर चालणाऱ्या दालमिली, अडतदुकाने, भालकी-हुमनाबादकडील ऊस आणि साखर, हे सर्व आपल्या डोळ्यांसमोर आहे. गोव्यात पणजीस मुष्टिफंड नावाची जुनी शिक्षणसंस्था आहे. घरोघरचे मूठमूठ तांदूळ हे तिचे पहिले भांडवल, ही कथा तिच्या नावातच आहे. एका पात्रांवाच्या थैलीपेक्षा शंभर घरांच्या मुठी अधिक टिकतात, हे गोव्यानेच आम्हांस दोन्ही अंगांनी शिकविले आहे. तांदळाऐवजी येथे तूर असेल.

आता आमची स्वतःची चूक सांगितली पाहिजे. गेल्या वर्षी शालेय हॉकीच्या स्पर्धेपूर्वी येथील एका अडत व्यापाऱ्याने आमच्या संघास सोळा जर्सी देऊ केल्या होत्या. अट एकच, छातीवर दुकानाचे नाव असावे. शिक्षकांच्या बैठकीत आम्ही सर्वांत मोठ्या आवाजात विरोध केला. विद्यार्थी म्हणजे जाहिरातीची भिंत नव्हे, सरस्वतीच्या मंदिरात दुकानाची पाटी नको, असे आम्ही पुष्कळ बोललो आणि ते सर्वांस पटलेही. मुले शाळेच्या पांढऱ्या सदऱ्यांत खेळावयास गेली. समोरचा संघही पांढऱ्या सदऱ्यांत आला होता. तेव्हा पंचांनी आमच्या मुलांच्या दंडांस लाल फिती बांधविल्या, आणि त्या दर पाच मिनिटांनी सुटू लागल्या. सामना आम्ही हरलो. फितींमुळे हरलो असे आम्ही म्हणत नाही. परंतु परतीच्या बसमध्ये आमच्या मनात आले की, ‘साळगावकर’ हे दुकानाचेच नाव होते आणि ते छातीवर लावूनच ब्रह्मानंद गोलात उभे राहिले होते. नाव लावल्याने खेळाडू लहान झाला नाही. उलट त्या नावास साठ वर्षे खेळाडूंच्या पाठीशी उभे राहावे लागले.

यंदा दिवाळीनंतर आम्ही त्या मुलाची वही पुन्हा मागविली, शेरा खोडला आणि दहापैकी आठ गुण दिले. दोन कापले ते शुद्धलेखनाचे. मग त्याच व्यापाऱ्याच्या दुकानी गेलो. ते गादीवर बसून तुरीचे नमुने तळहातावर पाहत होते. आम्ही गेल्या वर्षीच्या नकाराबद्दल क्षमा मागितली आणि विचारले, “सावकार, नाव जरूर लावू. पण किती वर्षे?”

ते हसले. “सर, सगळे येतात ते किती रुपये म्हणून विचारतात. तुम्ही वर्षे मोजायला आलात?” मग त्यांनी तळहातावरची तूर परत वाटीत ओतली आणि थोडा वेळ हिशेब केला. “पाच वर्षांचे बोलतो. सहाव्याचे तूर ठरवील.”

कागदावर लिहून द्या म्हटल्यावर मात्र ते गंभीर झाले. क्षणभर आम्हांस वाटले की बोलणे मोडले. परंतु त्यांनी मुनिमास हाक मारली, पत्रावर पाच वर्षे लिहविली, खाली सही केली, आणि शेजारच्या दोन दुकानदारांसही बोलावून घेतले. त्यांपैकी एकाने काठ्यांचा खर्च उचलला आहे. दुसरे अद्याप विचार करीत आहेत. जर्सीच्या रंगाचा प्रश्न तेवढा राहिला आहे. सावकारांस तुरीच्या डाळीसारखा पिवळा हवा आहे, आणि मुले निळ्यावर अडून बसली आहेत.